एका एकरातला कार्बन: उसाच्या रानातल्या प्रकल्प नोंदी

८ डिसेंबर २०२४

आजपासून लिहायला घेतलंय. जागा म्हणजे तात्यांचं नदीकडचं एक एकर, पलूस तालुका, जिल्हा सांगली. काळी जमीन, उसाची जात को-८६०३२, तोड पुढच्या आठवड्यात. सोबत अकरावी सायन्सची दोघं आहेत, एक मुलगा एक मुलगी, दोघांच्या घरी ऊसच. प्रश्न एकच ठेवलाय: या एकरात कार्बन येतो कुठून, जातो कुठं, आणि राहतो किती.

हा प्रश्न का, तर कार्बन चक्राची आकृती पोरांनी आठवीपासून काढलीय. झाड, गाय, कारखाना, समुद्र आणि मधे गोल गोल बाण. पण कुठल्या बाणावरनं किती टन जातात आणि किती वर्षं लागतात हे त्या आकृतीत कधीच नसतं. सगळे बाण सारख्याच जाडीचे. मला वाटतं चक्र समजत नाही ते याच्यामुळंच. आणि दुसरं म्हणजे आपल्याकडं दर कार्यक्रमात कुणीतरी म्हणतं की ऊस भरपूर कार्बन शोषतो म्हणून ऊस पर्यावरणाला चांगला. शोषतो हे खरंच आहे. पण शोषलेला पुढं जातो कुठं?

९ डिसेंबर

आज रानात गेलोच नाही, कट्ट्यावर बसून नुसतं गणित केलं, आणि हे गणित मला एवढं आवडलंय की सविस्तर लिहिते.

पृथ्वीच्या सगळ्या हवेत मिळून साधारण ८७० अब्ज टन कार्बन आहे, बहुतेक सगळा कार्बन डायऑक्साइडच्या रूपात. पृथ्वीचा पृष्ठभाग ५१ कोटी चौरस किलोमीटर. भागाकार केला की दर चौरस मीटरच्या डोक्यावर १.७ किलो कार्बन येतो. एकर म्हणजे ४,०४७ चौरस मीटर. म्हणजे तात्यांच्या एका एकरावर जमिनीपासून थेट आभाळ संपेपर्यंत जेवढी हवा उभी आहे तिच्यात सगळा मिळून ७ टन कार्बन.

आता ऊस बघा. एकरी ४० टन धरला, त्यात ७० टक्के पाणी, कोरडा माल १२ टन, आणि कोरड्या मालात अंदाजे ४५ टक्के कार्बन. झाले साडेपाच टन. वर पाचट, म्हणजे उसाची वाळलेली पानं, साडेतीन टन, त्यातला कार्बन १.४ टन. मुळं धरलीच नाहीत अजून. म्हणजे बारा-चौदा महिन्यांत या पिकानं आपल्या डोक्यावरच्या अख्ख्या आभाळात जेवढा कार्बन आहे जवळपास तेवढा ओढून घेतला! पोरांनी दोनदा करून बघितलं, उत्तर तेच. मग हवा रिकामी का होत नाही? कारण वारा थांबत नाही आणि दुसरीकडून तेवढाच परत येत राहतो. जगातल्या जमिनीवरच्या सगळ्या वनस्पती मिळून वर्षाला १२० अब्ज टनांच्या आसपास कार्बन ओढतात आणि श्वास, कुजणं, आग यातून जवळजवळ तेवढाच परत सुटतो. समुद्र वर्षाला ८० अब्ज टनांच्या आसपास घेतो आणि त्याहून थोडाच कमी सोडतो.

अजून एक. औद्योगिक काळाच्या आधी हवेत ५९० अब्ज टनांच्या आसपास कार्बन होता. त्या हिशोबानं या एकरावरच्या ७ टनांतले दोन टनांहून जास्त गेल्या पावणेतीनशे वर्षांत वर चढलेत. म्हणजे पीपीएमच्या (हवेच्या दहा लाख भागांत किती भाग) भाषेत २८० वरनं आता ४२४ च्या आसपास. १९५८ मधे चार्ल्स कीलिंगनं हवाईतल्या मौना लोआ डोंगरावर मोजायला सुरुवात केली तेव्हा ३१५ च्या आसपास होतं. पीपीएम सांगितलं की पोरांच्या डोळ्यात काही हलत नाही, पण "तुमच्या रानावर दोन टन" म्हटलं की लगेच वर बघतात.

१६ डिसेंबर

तोड झाली. टोळी बीडकडची, पहाटेपासून कोयते चालू. आम्ही फक्त एवढं बघितलं की रानातनं काय काय कुठं जातंय.

वाढं, म्हणजे उसाचे हिरवे शेंडे, गुरांना गेलं. थोडं टोळीच्या बैलांना, थोडं गल्लीतल्या म्हशींना. यातला काही कार्बन दूध आणि शेण होतो, बराचसा श्वासातनं सीओटू (कार्बन डायऑक्साइड) होऊन जातो आणि थोडा मिथेन होऊन ढेकरातनं बाहेर पडतो. मिथेन हवेत दहा-बारा वर्षं टिकतो, मग त्याचाही सीओटूच होतो, पण तेवढ्या वर्षांत तो उष्णता फार धरून ठेवतो. म्हणून कार्बन तोच असला तरी कुठल्या रूपात सुटला यानं फरक पडतो.

मोळ्या ट्रॅक्टरमधे बसून कारखान्याला. तिथं ४० टनातनं साधारण साडेचार टन साखर निघते, तिच्यातला कार्बन १.९ टन. बगॅस, म्हणजे रस काढल्यावर उरलेला चोथा, ओली १२ टन, तिच्यातला कार्बन पावणेतीन टनांच्या आसपास, ती बॉयलरमधे जळून याच हंगामात धुराड्यातनं परत वर. मळी आंबवून इथेनॉल केलं तर साखरेतला एक-तृतीयांश कार्बन आंबतानाच सीओटू होऊन निघून जातो, राहिलेला गाडीच्या इंजिनात. आणि साखर? ती चहातनं आपल्या पोटात आणि काही तासांत उच्छ्वासातनं बाहेर. मी वर्गात हे सांगितलं तर मुलगी म्हणाली, "ताई, म्हणजे आपण ऊसच परत सोडतोय हवेत." बरोबर, अगदी तेच.

म्हणजे साडेपाच टनांतला जवळपास सगळा कार्बन वर्ष-दोन वर्षांत परत आभाळात. ऊस कार्बन शोषतो या वाक्याचा एवढाच अर्थ. आता राहिलं पाचट आणि मुळं, आणि खरा प्रकल्प तिथंच आहे.

१९ डिसेंबर

पाचटावरनं तात्यांशी बोलणं. तात्या म्हणाले, "आगं जाळून टाकलं की रान मोकळं हुतंय, पाणी सरळ पळतंय, उंदरं ऱ्हात न्हाईत. तू कुट्टी कर म्हणशील, मशीनचं भाडं कोण देणार?" त्यांचं चुकीचं काहीच नाही, ज्याला पाण्याची आठवड्याची पाळी मिळते आणि पाणी सरीत अडकतं त्यालाच ते माहीत. शेवटी ठरलं, वीस गुंठे माझ्या पद्धतीनं, वीस गुंठे त्यांच्या.

२३ डिसेंबर

त्यांची वीस गुंठे संध्याकाळी पेटवली. पाचटातला बहुतेक कार्बन पाच-दहा मिनिटांत गेला. नत्र आणि गंधकही बहुतांश धुरात गेलं. पालाश राखेत राहतो, आणि थोडा कार्बन काळ्या कोळशासारख्या कणांत राहतो जो सहजी कुजत नाही, हे पण लिहून ठेवते कारण हिशोब म्हटलं की दोन्ही बाजू लिहायच्या.

आमच्या वीस गुंठ्यात बुडख्यांवरचं (तोडीनंतर उरलेल्या खुंटांवरचं) पाचट सरीत ओढलं, बुडखे जमिनीलगत छाटले. मग पाचटाच्या टनाला ८ किलो युरिया, १० किलो सिंगल सुपर फॉस्फेट आणि १ किलो पाचट कुजवणारे जिवाणू या शिफारशीनं टाकून पाणी दिलं. युरिया कशाला हे मुलानं विचारलं. पाचटात ३५-४० टक्के कार्बन असतो आणि नत्र जेमतेम अर्धा टक्का. जिवाणूंना शरीर बांधायला नत्र लागतं, ते पाचटात मिळालं नाही तर ते मातीतलं ओढून घेतात आणि खोडवा, म्हणजे त्याच बुडख्यांतनं परत फुटलेला ऊस, पिवळा पडतो. लोक म्हणतात पाचट ठेवलं की ऊस पिवळा पडतो, त्यामागं बऱ्याचदा हेच असतं. वरनं थोडं नत्र दिलं की हे भांडण मिटतं.

५ जानेवारी २०२५

मातीचे नमुने. व्ही आकाराचा खड्डा, १५ सेंटिमीटर खोल, कडेची माती खरवडून, दोन्ही वीस गुंठ्यांतनं वेगवेगळे, मग पोत्यावर पसरून चार भाग करायचे, समोरासमोरचे दोन टाकायचे, असं अर्धा किलो राहीपर्यंत. लॅबमधे वॉकली-ब्लॅक पद्धतच वापरतात, १९३४ पासूनची. पोटॅशियम डायक्रोमेट आणि सल्फ्युरिक आम्ल टाकून मातीतला सेंद्रिय कर्ब, म्हणजे सजीवांपासून आलेला कार्बन, जाळायचा आणि किती डायक्रोमेट उरलं ते फेरस अमोनियम सल्फेटनं मोजायचं.

२० जानेवारी

रिपोर्ट आला. सेंद्रिय कर्ब दोन्हीकडं अर्ध्या टक्क्याच्या जरा वर. म्हणजे कमी आणि मध्यम यांच्या सीमेवर.

अर्धा टक्का म्हणजे किती? एका एकरात १५ सेंटिमीटर थर म्हणजे सहाशे घनमीटर माती, वजन ७८० टनांच्या आसपास, त्याचा अर्धा टक्का ४ टन. वर आभाळात ७, उभ्या पिकात ७, आणि पायाखाली वीतभर मातीत ४. जगाचा हिशोब घेतला तर जमिनीत फक्त पहिल्या मीटरभरातच दीड हजार अब्ज टन सेंद्रिय कार्बन आहे, म्हणजे हवा आणि सगळ्या झाडाझुडपांत मिळून आहे त्यापेक्षा जास्त. आपण वर बघत बसतो आणि मोठा साठा पायाखाली. समुद्रात तर ३८ हजार अब्ज टन, आणि खडकांत त्याच्या हजारपटीहून जास्त.

दुपारी मातीवर पातळ हायड्रोक्लोरिक आम्लाचे थेंब टाकले. फसफसली. म्हणजे मातीत दुसराही कार्बन आहे, चुनखडीतला, कॅल्शियम कार्बोनेट. आपल्या काळ्या जमिनीत दीड-दोन फुटांखाली पांढरे खडे लागतात ते हेच. पूर्वेकडं आटपाडी, जत, कवठेमहांकाळ भागात पाऊस कमी, त्यामुळं चुना धुऊन न जाता मातीतच बसतो, तिकडं हे खडे जास्त. तात्यांना चुनखडी म्हणजे फक्त केवडा, पानं पिवळी पडणं, कारण लोह लागत नाही. कार्बनच्या बाजूनं बघितलं तर ते दगड झालेलं आभाळ आहे. वॉकली-ब्लॅकमधे हा कार्बन मोजलाच जात नाही, म्हणून रिपोर्टमधल्या आकड्याला "मातीतला एकूण कार्बन" म्हणायचं नाही, हे पोरांच्या वहीत मी लाल पेननं लिहिलंय.

९ फेब्रुवारी

बरण्यांचा प्रयोग. हा कुणालाही घरी जमेल म्हणून नीट लिहिते.

लोणच्याच्या काचेच्या रुंद तोंडाच्या चार बरण्या. एकीत काहीच नाही, एकीत जाळलेल्या वीस गुंठ्यातली माती, एकीत पाचटाखालची, एकीत शेणखताच्या ढिगाखालची. माती पाव किलो, सारखीच ओलसर. प्रत्येकीत छोट्या वाटीत चुन्याची निवळी. पानटपरीवरचा चुना पाण्यात ढवळून रात्रभर बसू दिला आणि वरचं स्वच्छ पाणी घेतलं. झाकण घट्ट, वर मेणबत्तीचं मेण. सकाळी बघितलं तर निवळीवर पांढरी साय. मातीतल्या जिवाणूंनी सोडलेला सीओटू चुन्यात बसून त्याचं कॅल्शियम कार्बोनेट झालंय. पण किती?

त्यासाठी हळद. सांगलीत हळदीची कमी नाही. चुन्यात हळद लाल होते हे कुंकू बनवणाऱ्यांना पिढ्यान्पिढ्या माहीत. सकाळी निवळी थोडी स्थिर होऊ देऊन फक्त वरचं स्वच्छ पाणी ड्रॉपरनं सारखं मोजून घेतलं, पांढरी साय येऊ द्यायची नाही कारण ती व्हिनेगर पिते. त्यात स्पिरिटमधे भिजवलेल्या हळदीचे दोन थेंब, लालभडक झालं. मग पाणी घातलेलं व्हिनेगर थेंबाथेंबानं, लाल जाऊन पिवळं होईपर्यंत. जिथं जास्त सीओटू आला तिथं चुना कमी उरला, म्हणून थेंब कमी लागतात. हळद रात्रीच टाकून ठेवायची नाही, चुन्यात तिचा रंग आपोआप विटतो.

रिकाम्या बरणीला सगळ्यात जास्त थेंब लागले, मग जाळलेली, मग पाचटाखालची, आणि शेणखतवालीला सगळ्यात कमी. परत परत केलं तरी क्रम तोच.

आणि इथं मुलानं जो प्रश्न विचारला तो या सगळ्या प्रकल्पातला सगळ्यात चांगला. "ताई, मग पाचट ठेवलेली मातीच जास्त सीओटू सोडतीय की. जाळलेलं बरं मग?" मी लगेच उत्तर दिलं नाही, दोघांना बसवून परत गणित मांडायला लावलं. जाळलेल्या अर्ध्या एकरातनं पाव तासाच्या आत अर्ध्या टनाहून जास्त कार्बन गेला, तो आमच्या बरणीत मोजायचाच राहिला. पाचटाखालची माती तोच कार्बन वर्षभर थोडा थोडा सोडतेय, आणि जाता जाता त्याच्यावर जिवाणू, बुरशी, गांडुळं जगतायत, आणि त्यांच्या मेलेल्या शरीरातला थोडा भाग चिकणमातीच्या कणांना चिकटून राहतो. तोच सेंद्रिय कर्ब. श्वास जोरात चालू आहे म्हणजे माती जिवंत आहे. तोटा कळायचा असेल तर आलेलं आणि गेलेलं दोन्ही लिहावं लागतं.

१ मार्च

युरियाची गोणी ४५ किलोची. युरियात वजनाच्या पाचवा हिस्सा कार्बन, म्हणजे ९ किलो. मातीत पडल्यावर काही दिवसांत तो सीओटू होऊन जातो. युरिया नैसर्गिक वायूपासून होतो, म्हणजे हा कार्बन जमिनीखाली कोट्यवधी वर्षं पडून होता. तसंच मोटर: साडेसात एचपीची तासभर चालली की सहा युनिट, देशातली बरीच वीज कोळशाची, युनिटला सरासरी ०.७ किलो सीओटू धरला तर तासाला चार किलोच्या वर. चंद्रपूरकडचा कोळसा पंचवीस कोटी वर्षांहून जुना.

उसातले साडेपाच टन मोठे दिसतात आणि मोटरचे काही किलो बारीक, पण दोन्ही एका रकान्यात टाकता येत नाहीत. उसाचा कार्बन गेल्याच वर्षी याच हवेतनं आलेला, परत गेला, संपलं. कोळशाचा कार्बन चालू खात्यात नव्हताच, तो नवीन भर आहे. जग असे वर्षाला १० अब्ज टनांच्या आसपास जाळतंय, त्यातला जेमतेम निम्मा समुद्र आणि जंगलं-जमीन ओढून घेतात, राहिलेला वर साचतो. समुद्र घेतो तो पण फुकट नाही, पाण्याचा सामू (पीएच) ८.२ वरनं ८.१ वर आलाय, शिंपल्यांना कवच बांधणं जड जातंय. म्हणून आमच्या वहीत आता दोन रकाने, नवा कार्बन (आत्ताच्या हवेतनं आलेला) आणि जुना कार्बन (जमिनीखालनं काढलेला).

२३ मार्च

पाचगणीचं टेबललँड. पोरं घोडे बघायला पळाली, मग परत आणली आणि जांभ्यावर, म्हणजे तिथल्या लालसर दगडावर, बसवली. खाली सगळा काळा दगड, बेसॉल्ट, ६.६ कोटी वर्षांपूर्वीचा लाव्हा. वरची ही लालसर टोपी त्याच दगडाची, फक्त लाखो वर्षं पावसानं धुऊन कॅल्शियम, सोडियम, सिलिका निघून गेलं आणि लोह-ॲल्युमिनियम उरलं. मग निघून गेलेलं कॅल्शियम कुठं गेलं?

इथं मातीतली हवा कामाला येते. मुळं आणि जिवाणू श्वास घेतात त्यामुळं मातीच्या पोकळीत सीओटू वरच्या हवेच्या दहा ते शंभरपट. पावसाचं पाणी तिथनं झिरपताना पातळ कार्बोनिक आम्ल होतं आणि बेसॉल्ट झिजवतं. कॅल्शियम सुटतं, हवेतला कार्बन बायकार्बोनेट होऊन पाण्यात, पाणी कृष्णेत, आणि कृष्णा महाबळेश्वरातनं निघून वाई, कऱ्हाड, सांगली करत १,४०० किलोमीटरवर आंध्रात बंगालच्या उपसागराला. समुद्रात शंख-शिंपल्यांचे जीव त्याचं कवच करतात, कवच तळाला बसून चुनखडक. दगड झिजवताना जे दोन कार्बन हवेतनं गेले त्यातला एक कवचात बंद होतो, एक परत सुटतो. फायदा निम्मा, पण लाखो वर्षांसाठी. मग कधीतरी समुद्रतळ पृथ्वीच्या पोटात सरकतो आणि ज्वालामुखीतनं परत वर. सगळे ज्वालामुखी मिळून वर्षाला जेवढा सोडतात तो माणसाच्या जाळण्याच्या शंभराव्या हिश्शाच्या आसपास आहे, हे पोरांना पटायला वेळ लागला.

हा आपला दगड साधा नाही. जगाच्या जमिनीत बेसॉल्ट पाच टक्क्यांहून कमी, पण असे सिलिकेट दगड झिजून हवेतला जो कार्बन जातो त्यातला जवळपास एक-तृतीयांश बेसॉल्टमुळं. सह्याद्री तयार होताना यानं हवेत अमाप कार्बन ओकला आणि तेव्हापासून तो परत पितोय. पण त्याचा वेग बघितला तर आपली घाई त्याला झेपणारी नाही. हवा तापली की झीज वाढते, झीज वाढली की कार्बन उतरतो, पृथ्वी स्वतःला सावरते हे खरं, त्याला लागतात लाखो वर्षं.

येताना कऱ्हाडला प्रीतिसंगमावरनं बाटलीभर पाणी घेतलं. घरी आटवलं, पांढरा थर, व्हिनेगरनं फसफसला. आईनं बोअरच्या पाण्याच्या पातेल्याचा थर दाखवला, तोही तसाच. उकळताना बायकार्बोनेट फुटतं, निम्मा सीओटू वाफेबरोबर, निम्मा पातेल्याला.

३१ मे

यंदा वळीव नाही, सरळ पाऊसच लागला मे मधे. बांधावरची उन्हाळाभर वाळलेली माती आधीच बरणीत भरून ठेवली होती. अर्धी कोरडी ठेवली, अर्धीवर पाणी शिंपडलं. ओली केलेली रात्रीतच एवढी सुटली की निवळीत चुना जवळपास उरलाच नाही. वाळलेल्या मातीवर पहिलं पाणी पडलं की जिवाणू एकदम उठतात, मेलेल्यांचं खातात, आणि सीओटूचा लोंढा सुटतो. याला बर्च परिणाम म्हणतात, बर्च नावाच्या संशोधकानं पूर्व आफ्रिकेच्या मातीत पन्नासच्या दशकात अभ्यासलेला. पाचटाखालची माती उन्हाळ्यातही ओलसरच होती, तिच्यात असा लोंढा दिसला नाही.

१४ सप्टेंबर

सरीतलं पाचट आता काळं, हातात चुरा होतंय. तात्यांनी स्वतःच सांगितलं की त्या वीस गुंठ्यात तण कमी आणि उन्हाळ्यात पाळी लांबली तरी ऊस सुकला नाही.

पोरांना परत माती तपासून कर्ब किती वाढला ते बघायचं होतं. आधी गणित करायला लावलं. एकराच्या हिशोबानं पाचटातला कार्बन १.४ टन. त्यातला समजा सातवा-आठवा हिस्सा टिकला तर २०० किलोच्या आत. एकरात अर्धा टक्का म्हणजे ४ टन, तर २०० किलो म्हणजे ०.०२५ टक्का. रानाच्या या टोकाला आणि त्या टोकाला एवढा फरक आधीच असतो. म्हणजे एका हंगामात रिपोर्टमधला आकडा वाढलेला दिसला तरी तो पाचटामुळं असं म्हणता येत नाही, आणि नाही दिसला तरी वाढ झाली नाही असंही नाही. एका वर्षात कर्ब दुप्पट असं कुणी छातीठोक सांगितलं तर हे गणित त्याच्यापुढं ठेवायचं. मुलीनं कुठंतरी वाचलं होतं की ऊस सी-४ वनस्पती (जिच्यात हवेतल्या कार्बनचं पहिलं संयुग चार कार्बनचं होतं), हॅच आणि स्लॅक यांनी १९६६ मधे उसावरच ते उलगडलं, आणि सी-४ चा कार्बन समस्थानिकांवरनं (एकाच मूलद्रव्याचे कमी-जास्त वजनाचे अणू) मातीत ओळखता येतो. कल्पना चांगली, पण या रानात उसाच्या आधी पिढ्यान्पिढ्या शाळू होता, आणि ज्वारीही सी-४ च.

तेव्हा ठरलं ते असं. दोन्ही वीस गुंठ्यांत ठरलेल्या जागी बांधापासून टेपनं अंतर मोजून वहीत नकाशा काढलाय, दर जानेवारीला त्याच जागी, त्याच खोलीवर, त्याच लॅबला. पाच वर्षं तरी. पोरं बारावी होऊन जातील, पण वही आणि नकाशा त्यांच्या धाकट्या भावंडांकडं जाईल, बोलणं झालंय. तात्या यंदाही जाळलेल्या बाजूला पाचट ठेवणार नाहीत, पण वरच्या दुसऱ्या तुकड्यात एका सरीआड एक ठेवणार म्हणालेत, म्हणजे मोकळ्या सरीतनं पाणी पळेल. तिथली पहिली माती तोडीच्या आधीच काढायची आहे.